डचेसचा उपास

"घे गं बाई, गरम गरम आहे," ऑरिन हाउगेन म्हणाला आणि लांब चिमट्यात धरलेला मेलेला उंदीर त्यानं काचेच्या पेटीत जरासा हलवला.

डचेसनं जीभ दोनदा बाहेर काढली, वास घेतला आणि तोंड फिरवलं. चार फुटांची ती अजगरीण, पण बघता बघता तिनं अंगाचा चेंडू केला नि डोकं आत लपवलं.

बावीस आठवडे हेच चाललं होतं. मुलगी सिग्ने अलास्काला कामावर जाताना तिला बापाकडे ठेवून गेली होती. तेव्हापासून डचेस तीनशे ग्रॅमनं उतरली होती. आज जेवली नाही तर उद्या सकाळी दहा वाजता जनावरांचे डॉक्टर तिच्या घशात नळी घालून भरवणार होते. त्या नळीचं नाव काढलं की ऑरिन विषय बदलायचा. शिवाय त्यानं एकतीस वर्षं बोटींवर स्वयंपाक केला होता. नोव्हेंबरच्या वादळातसुद्धा त्याचं ताट कुणी परत पाठवलं नव्हतं. आणि आता ह्या बिनहाताच्या बाईनं बावीस वेळा पाठवलं.

मागच्या दारानं शेजारची व्हर्ना माकी आत आली. ती कधी दार वाजवायची नाही. हातात टॉवेलात गुंडाळलेलं भांडं, त्यात खिमा नि वरून बटाट्याचे कुरकुरीत तुकडे. दर मंगळवारी ती ते आणायची आणि पुढच्या मंगळवारी तिला लख्ख घासलेलं भांडं परत मिळायचं. त्यातलं किती ऑरिनच्या पोटात जातं नि किती कचऱ्यात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याच्या हातचं त्याला जात नसे. तो आपला दूध नि मक्याच्या पोह्यांवर दिवस काढायचा.

"काय म्हणते महाराणी?"

"उपास."

"उंदराचा रंग आवडत नसेल."

"पांढरा दिला, करडा दिला, काळा दिला. लहान दिला, मोठा दिला. अंधार करून दिला, खोक्यात घालून दिला. आणखी काय करू? बँड लावू?"

व्हर्नानं भांडं ओट्यावर ठेवलं. सिंकमधल्या गरम पाण्यात बर्फातून काढलेला शेवटचा उंदीर पिशवीत वितळत पडला होता. ऑरिननं तो बाहेर काढला आणि सवयीनं भांडी घासायच्या पिवळ्या साबणाची बाटली उचलली.

"हे काय करतोयस?"

"धुतोय."

"का?"

"का म्हणजे? न धुतलेलं वाढू?"

व्हर्ना त्याच्याकडे बघतच राहिली. "आजवरचे सगळे धुतलेस?"

"सगळे. दोन दोनदा, चांगले खसखसून. मग केस वाळवायच्या यंत्रानं कोरडे केले."

"सिग्नेनं लिहून दिलेल्या कागदावर आहे हे?"

"ते काय लिहून द्यावं लागतं?"

बशीत पडलेला, नाकारलेला उंदीर व्हर्नानं नाकाशी नेला. मग तिला जे हसू फुटलं, ते आवरेना. खुर्चीची पाठ धरून ती हसत राहिली. ऑरिन ताठ उभा.

"लिंबाचा वास येतोय, ऑरिन," ती डोळे पुसत म्हणाली. "हिच्या दृष्टीनं हा उंदीर नाही, धुतलेली बशी आहे. बशी कोण खाईल?"

"माझ्या हातून घाणेरडं अन्न कधी बाहेर गेलेलं नाही."

"नसेल. पण जेवायचंय तिला. तुझ्या नाकाला काय चालतं ते तिला कशाला?"

ऑरिननं बाटलीकडे बघितलं, उंदराकडे बघितलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, असली गत झाली होती. बाटली त्यानं खाली ठेवली, ती जणू लोखंडाची असावी तशी. न धुतलेला उंदीर गरम करताना उग्र वास सुटला आणि त्याचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा झाला. चिमट्यालाही साबण लागलेला असणार म्हणून व्हर्नानं त्यावर उकळतं पाणी ओतलं. मग पडदे ओढले.

उंदीर पेटीत गेला. थोडा वेळ काहीच नाही. मग चेंडू सैल पडला. डोकं वर आलं. जीभ एकदा, दोनदा, पाच वेळा.

व्हर्नानं ऑरिनची बाही धरली.

झडप दिसलीसुद्धा नाही. चिमटा रिकामा झाला आणि उंदराभोवती दोन वेढे पडले होते.

ऑरिन पेटीसमोर जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा हसायला लागला. लांब बंदरात कुठल्याशा बोटीचा भोंगा वाजला.

"ऐक, तुला सलामी देतायत," व्हर्ना म्हणाली.

"द्यायलाच पाहिजे," ऑरिन म्हणाला. "खा गं राणी. सावकाश खा. घाई नाही कुणाला."

पाव तासानं शेपटीचं टोकही आत गेलं. डचेसनं मोठी जांभई देऊन जबडा जागेवर बसवला. तेव्हा कुठे ऑरिनला स्वयंपाकघरातला दुसरा वास आला. व्हर्नानं भांडं आणून त्याच्या मांडीशी ठेवलं, त्यात काटा खोचला आणि स्वतःही खाली बसली.

"एकीचा उपास सुटला. आता तुझा?"

"कडेला करपलंय."

"करपलंय."

ऑरिननं काटा उचलला. फ्रिजवर सिग्नेचा कागद चिकटवलेला होता. त्यातली शेवटची ओळ व्हर्नाला पाठ होती: खायला लागली की टक लावून बघू नका. तिनं तोंड फ्रिजकडे फिरवलं.