शोकसभेतलं गाढव

गणिताचे सर फळ्याकडे वळले, की वर्गात हमखास गाढव ओरडायचं. सर गर्रकन मागे फिरायचे आणि दरवेळी ढब्ब्यालाच धरून बदडायचे. "सर, आईशप्पथ, मी नाही!" असं तो जीव तोडून सांगायचा, पण ऐकतो कोण!

तोच ढब्ब्या आता न्यायाधीश झालेला. सरांच्या शोकसभेत पहिल्या रांगेत, माना खाली घातलेल्या लोकांमध्ये तोही स्तब्ध उभा होता. समोर हार घातलेल्या फोटोतून सर त्याच्याकडेच डोळे वटारून बघत होते. त्याच्या मनात आलं, शिक्षा तर कधीच भोगून झालीय, मग गुन्हा तेवढा कशाला बाकी ठेवायचा?

त्याने छाती भरून श्वास घेतला आणि भर शांततेत असा काही गाढवाचा सूर लावला, की शेजारचे दोघे दचकून खुर्चीवर आदळले. संयोजक तावातावाने धावून आले. सरांच्या बायकोने मात्र त्यांना हातानेच थांबवलं आणि डोळे पुसत ती ढब्ब्याला म्हणाली,

"छान जमलं हो! पण फळ्याकडे तोंड केलं ना, की ह्यांचं गाढव आणखी खुलायचं."