वाटायचे राहिलेले पेले

सगळी आळी भातलावणीला गेलेली दुपार तोमोझोने मुद्दाम निवडली होती. माळ्यावरचं खोकं त्याने एकट्याने खाली उतरवलं, ओसरीवर ठेवलं आणि शहरातून आलेल्या निशिवाकींना म्हणाला, काय बघायचं ते लवकर बघा.

निशिवाकी दातांचे डॉक्टर. लढाईच्या काळात सैनिकांच्या नावाने करून घेतलेले साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, पेले जमवायचा त्यांना नाद. त्यांनी पेंढा बाजूला केला आणि पाहतच राहिले. बशीसारखे उथळ, पांढरेशुभ्र पेले. आत सोनेरी तारा, ‘तोमोझो इगाराशी’ हे नाव आणि खाली ‘विजयी होऊन परतल्याची आठवण’. सुटे पेले बाजारात मिळत, भरलेलं खोकं कधीच नाही. कारण ते वाटण्यासाठीच असत. पोरगा सैन्यात निघाला की आळीतलं प्रत्येक घर त्याच्या हातात पैसे घातलेलं निरोपाचं पाकीट ठेवी. परतला की त्याने घरोघरी पेला द्यायचा, अशी रीत होती.

तोमोझोच्या वडिलांनी हौसेने, पोरगा आघाडीवर असतानाच पेले करून घेतले. तोमोझो परतला तो हरलेल्या लढाईतून, तिन्हीसांजेला, मागच्या वाटेने. वडिलांनी खोकं माळ्यावर टाकलं. पाकिटं घेतली आणि पेले दिले नाहीत, म्हणून तोमोझो पन्नास वर्षं आळीतून खाली मान घालून चालत होता. आता डोळे मिटायच्या आत हे खोकं कुणाच्या दृष्टीस न पडता घराबाहेर जावं, एवढंच त्याला हवं होतं.

डॉक्टरांनी पैशांचं पाकीट पुढे केलं, तेवढ्यात परसातून शेजारची किनू आली. हातात उकडलेल्या बांबूच्या कोंबांचा वाडगा. तिचे गुडघे गेलेत, ती आता शेतात जात नाही, हे तोमोझोच्या ध्यानातून साफ निसटलं होतं. त्याने घाईघाईने खोक्यावर जाकीट टाकलं, पण एक पेला डॉक्टरांच्या हातातच राहिला.

किनूने तो काढून घेतला आणि उन्हात धरला.

“इथे आहे होय,” ती म्हणाली. “सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या, तोमोझोचा पेला यायचाय. कपाटात त्याची जागा राखून ठेवली होती. मी आपली तिथे दातकोरणी ठेवते.”

तोमोझोचं तोंड उतरलं. हरून आलेल्या माणसाने हे कुठल्या तोंडाने वाटायचे, तो कसाबसा म्हणाला. वर काय लिहिलंय ते तरी वाच.

किनूने डोळे बारीक करून वाचलं.

“‘परतल्याची’ आहे ना त्यात? मग झालं तर. आमच्या ह्यांना तेवढंही जमलं नाही.”

तिने पेला दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलला आणि तोमोझोपुढे धरला. त्यात काहीतरी ओत, म्हणाली, रिकामा नेत नाहीत. घरात साके नव्हती. तोमोझोने चहा ओतला, थोडा चटईवर सांडला. किनू तो सावकाश प्यायली, आणि कोंब गार होतील, खाऊन घ्या, म्हणून दोघांवर डाफरली. तोमोझोला हसू आलं. इतकं मोकळं वाटतं हे तो विसरूनच गेला होता.

मग त्याने डॉक्टरांची माफी मागितली. पेले आता विकता येणार नव्हते, संध्याकाळी लोक शेतावरून आले की वाटायचे होते.

डॉक्टरांनी खोक्यावरचं जाकीट बाजूला केलं आणि विस्कटलेला पेंढा पुन्हा नीट लावला. असं खोकं त्यांना पुन्हा मिळणार नव्हतं. शेवटी त्यांनी ते पाकीटच दोन्ही हातांनी पुन्हा पुढे केलं.

“मग हे निरोपाचं समजा. जरा उशिरा पोचतंय.”

तोमोझोने पाकीट घेतलं. पेंढ्यातून एक पेला काढला, बाहीने पुसला. गुडघे दुमडून ताठ बसला, तो दोन्ही हातांनी डॉक्टरांपुढे धरला आणि रिकाम्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मी परत आलो.”