कॅमेरा राहू द्या

सुभानपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये मोहनाताई एकट्याच राहतात. त्यांच्यावर लक्ष राहावं म्हणून कॅनडातल्या मुलानं, वरदनं, हॉलमध्ये कॅमेरा बसवला आणि त्याचे फोन थांबले. गेल्या आठवड्यात राउटर जळला, कॅमेरा बंद पडला. तेव्हापासून वरद रोज फोन करून जेवण, गुडघा, औषधं, सगळं विचारू लागला. आज इंटरनेटवाल्या प्रकाशभाईंनी नवा राउटर बसवला. टीव्ही जोडला, मोबाइल जोडला आणि गुजरातीत म्हणाले, “बा, हवे कॅमेरा बाकी छे.” आता फक्त कॅमेरा जोडायचा राहिला होता. “तो राहू द्या,” मोहनाताई म्हणाल्या. संध्याकाळी वरदनं विचारलं, “आई, कॅमेरा अजून बंदच?” “बिघडलाय रे. पण तू फोन करतोस, बरं वाटतं.” वरद म्हणाला, “काळजी करू नकोस. नवा मागवतो.” चौथ्या दिवशी कॅमेरा लागला. वरदचा फोन आला नाही. मोहनाताई इस्त्रीची साडी नेसून दिवसभर कॅमेऱ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या.