दुसरी हेमांगी

पडद्यावरची पहिली हेमांगी अचानक गप्प झाली. सिझेरियनचा जुना व्रण आतून फाटला होता. डॉ. तांबोळींनी तिला दिलेल्या, कळा आणणाऱ्या औषधावर फुली मारली.

"म्हणजे मी गेले असते?" खाटेवरच्या हेमांगीने विचारलं.

"लगेच ऑपरेशन केलं असतं. पण धोका मोठा होता. म्हणून तर औषध आधी संगणकातल्या तुमच्या प्रतिकृतींना देऊन बघतो."

पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढच झाली नव्हती. पाचव्या महिन्यात गर्भपाताचा निर्णय घेऊन हेमांगी नवऱ्याबरोबर इथे आली होती. आता सगळी भिस्त दुसऱ्या औषधावर, म्हणजे दुसऱ्या हेमांगीवर होती. ती पडद्यावर कुशीवर वळून कण्हत होती. कळा किती आहेत हे तिला सांगता यावं, म्हणून तिला हेमांगीचाच आवाज दिलेला. तो ऐकवेना तसा नवरा बाहेर निघून गेला. हेमांगी मात्र व्रणाच्या रेषेवरून नजर काढत नव्हती.

रेषा टिकली. गर्भ बाहेर पडला आणि कण्हणं थांबलं.

"झालं. हेच औषध देऊ या," असं म्हणून डॉक्टरांनी पडदा बंद करायला हात पुढे केला.

"थांबा," पडद्यावरची म्हणाली. "ती आहे का तिथे?"

डॉक्टरांचा हात तसाच राहिला.

"आहे," हेमांगी म्हणाली.

"तुझं अजून पोटात आहे ना?"

"हो."

"मग गोळी घ्यायच्या आधी एकदा हात ठेव त्याच्यावर. मला कुणी सांगितलं नाही."