हिरवी लोकर

डेलोरेन गावातल्या धर्मादाय दुकानात, लोकांनी दान दिलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगात कोरलला हातानं विणलेला एक हिरवा स्वेटर सापडला. नवी लोकर विकत घ्यायची नाही, असं तिनं गेल्या वर्षी ठरवलं होतं. असे स्वेटर उसवून, लोकर धुऊन ती पुन्हा विणायची.

"अस्सल मेरिनो मेंढीची लोकर आहे!" गल्ल्यावर बसलेल्या नोरीनला ती म्हणाली. "आणि बघा ना, कुणी एकदाही अंगात घातलेला दिसत नाही. घरी गेल्या गेल्या उसवायला घेते."

नोरीननं स्वेटरवरून हात फिरवला. "डाव्या काखेपासून सुरुवात करा. शेवटची गाठ तिथं आहे."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच विणलाय. जावयासाठी. तीन महिने खपत होते."

कोरलचा चेहरा पडला. "अगंबाई! माफ करा हो. तुम्हीच ठेवा हा, मी नाही उसवणार."

"अहो, न्या की! चांगली लोकर कपाटात कुजवायची कशाला?" नोरीन स्वेटर पिशवीत भरू लागली.

"पण तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"सकाळी ढिगात दिसला तेव्हा वाटलं ना. जावयाला चार शिव्याही हासडल्या." बोलता बोलता नोरीनला हसू आवरेना. "मग आठवलं, ही लोकर मी तरी कुठून आणली होती! सासूबाईंनी मोठ्या हौसेनं मला शाल विणून दिली होती, तीच उसवली. त्या वारायचीसुद्धा वाट पाहिली नाही मी!"