स्कॅनरवरची रेषा

गाडीतला इशाऱ्याचा दिवा पेटला, म्हणून ती झोपलेल्या बाळाला खांद्यावर घेऊन गॅरेजात आली. मेकॅनिकने स्कॅनर जोडला. स्क्रीनवर ऑक्सिजन सेन्सरच्या बिघाडाचा कोड होता. शोधताना त्याला धुराच्या नळीला पडलेली चीर सापडली. विषारी धूर मागच्या सीटकडे झिरपत होता.

“ताई, सेन्सर बोलला म्हणून लेकरू वाचलं.”

तिला भरून आलं. “दादा, त्याचे उपकार कसे फेडू?”

सेन्सर काढायला तो गाडीखाली शिरला आणि नळी चाचपू लागला.

“ताई, इथे सेन्सर नाहीच. त्याची जागा कुणीतरी कधीचीच बुजवलीय.”

इंजिन बंद होतं. तरी स्कॅनरवर सेन्सरची रेषा संथ वर-खाली होत होती. तिने नकळत हात जोडले.

बाळाने झोपेतच खोल श्वास घेतला. रेषा उंच चढली, आणि त्याने तो सोडेपर्यंत तिथेच थांबली.