मागच्या दारचा मामा

"मेल्या अस्वलानं आज दारच खरवडलंय!" मिस्त्री ओरडला.

मागच्या दारावर चार लांब ओरखडे होते. कचऱ्याचा डबा उतारावर लोळत होता, आणि जॅमची बरणी चाटून इतकी लख्ख केली होती की धुवायची गरजच नव्हती. तळ्याकाठच्या या घरी सुट्टीला येऊन चार दिवस झाले होते, आणि चारही दिवस अस्वलानं न चुकता हजेरी लावली होती.

मिस्त्री शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. दहा-दहा मजले दोरखंडावर तोलणारा माणूस, पण एका अस्वलानं त्याच्या नाकी नऊ आणले होते. त्यानं उग्र वासानं पळावं म्हणून अमोनियात भिजवलेल्या चिंध्या टांगल्या, डब्यांना साखळ्या घातल्या, दिवसभर रेडिओ बोंबलत ठेवला. अस्वल बहुधा बातम्या ऐकून मगच जात असावं.

"अहो, अस्वल अस्वल काय ओरडताय? छकुली ऐकतेय," बायकोनं दटावलं. "काय ठरलंय आपलं?"

"हो, हो. मामा. मामा येऊन गेला."

पहिल्या दिवशी सहा वर्षांची छकुली अस्वलाच्या नावानंच रडून आकांत करू लागली, तेव्हा बायकोनं ही युक्ती काढली होती. अस्वल म्हणायचं नाही, मामा म्हणायचं. पोरगी लगेच खुलली. आता उठल्या उठल्या तिचा पहिला प्रश्न असायचा, "मामा गेला का?"

मिस्त्रीला तर ते नाव भलतंच आवडलं. कारण छकुलीच्या खऱ्या मामाशी त्याचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं.

खरा मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. एकटा जीव सदाशिव, तळ्यापलीकडच्या गावात राहायचा. सासऱ्यांनी हे लाकडी घर दोघा भावंडांच्या नावावर केलं होतं. येत्या सोमवारी हा पठ्ठ्या आपला अर्धा हिस्सा एका हॉटेलवाल्याला विकणार होता. हॉटेलवाला एकदा आत घुसला की उरलेलं अर्धं घर किती दिवस टिकणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"या घराचा खिळा न् खिळा मी बाबांच्या हातात दिलाय," बायको एवढंच म्हणायची. पण ते ऐकायला सवड कुणाला होती? मेहुणा आणि भाऊजी एकमेकांच्या उरावर बसण्यात दंग.

डबा उचलताना मिस्त्रीची नजर पायऱ्यांखाली गेली, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथं माशांची मुंडकी पडली होती. ताजी.

"बघ, बघ तुझ्या भावाचे प्रताप! मी म्हणतोच, हे जनावर रोज इथंच कसं कडमडतं? आपण घाबरून पळावं म्हणून त्याला आमिष घालतोय नालायक!"

"तो नाही हो असं करायचा."

"तू त्याचीच बाजू घे. एकदा तावडीत सापडू दे, त्याचंच मुंडकं पायरीखाली ठेवतो."

मुंडकी कागदात गुंडाळत बायको म्हणाली, "काल फोनवर बोलले मी त्याच्याशी. सोमवारपर्यंत या घराचं तोंडही बघणार नाही म्हणाला."

"देव पावला!"

"पण या मामाचं काय करायचं? तुम्ही एवढ्या लिफ्ट टांगता, एक ओंडका नाही टांगता येणार?"

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिला. बायकोला आपल्या कामातलं काही कळतं, हे त्याला बारा वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं.

दुपारपर्यंत काम फत्ते झालं. मागच्या दारावरच्या तुळईला कप्पी लावली, माणसाच्या कमरेएवढा जाड ओंडका वर चढवला आणि दोर भिंतीतल्या भोकातून स्वयंपाकघरात घेऊन खटक्याला बांधला. आतून खटका ओढला की ओंडका थेट पायरीवर. अडचण एकच होती. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच अस्वलानं फोडल्यापासून तिथं फळ्या ठोकलेल्या होत्या, त्यामुळे आतून बाहेरचं काही दिसत नव्हतं.

"छकुलीला वरच्या खिडकीत बसवते," बायको म्हणाली. तिनं पोरीला उशी दिली, बाहुली दिली. "मामा दिसला की जोरात ओरडायचं हं, बाळा."

बायकोनं रेडिओही बंद केला, पोरीची हाक नीट ऐकू यावी म्हणून.

मामा कधी उगवेल याचा नेम नव्हता, म्हणून मिस्त्री लगेच खटका धरून बसला. तीन वाजले. साडेतीन झाले. हाताला रग लागली, पण त्यानं खटका सोडला नाही. चार दिवसांचा सगळा राग त्या मुठीत होता, आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा अस्वलावरचा नव्हताच.

"मामा आला! बाबा, मामा आला!"

पोरीच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. वा रे माझी वाघीण, मिस्त्रीला वाटलं. बाहेर पायऱ्या करकरल्या. दारावर धपकन थाप पडली.

त्यानं सगळा जोर लावून खटका ओढला.

घर हादरलं. आणि मग बाहेरून आवाज आला, "आई गं..."

अस्वल आई गं म्हणत नाही. मिस्त्रीनं धडपडत कडी काढली. पायऱ्यांवर मेहुणा आडवा पडला होता, छातीवर ओंडका, ओठांतून रक्त.

"अरे देवा! अरे, तू कशाला आलास इथं? अगं, हात लाव! फोन कर कुणाला तरी!" मिस्त्री ओंडक्याला झोंबला. त्यानंच निवडलेला ओंडका, एकट्याला तसूभरही हलेना.

मेहुण्याचे डोळे त्याच्या खांद्यावरून मागे गेले, दारात उभ्या असलेल्या बहिणीकडे. "भाऊजी..." तो कसाबसा बोलला. "ताईच म्हणाली... भांडण मिटवू... मागच्या दारानं ये..."

मिस्त्रीनं वळून पाहिलं. बायको उंबऱ्यावर तशीच उभी होती. तिनं ओंडक्याला हात लावला नव्हता. फोनलाही नाही.

वरच्या खिडकीतून छकुलीची हाक आली, "आई, मामा गेला का गं?"

बायकोनं भावावरची नजर हलवली नाही.

"अजून नाही, बाळा."